मुलाच्या उंचीवरून

पहाटे चारचा गजर होतो आणि सिनेमा सुरू होतो. एक बाई उठते. बाहेर मिट्ट काळोख असतो. ती न्हाणीघरात जाते, ब्रशने हात खसाखसा घासते. वाफाळत्या पाण्याने तोंड धुते. मग बर्फ भरलेल्या भांड्यात चेहरा बुडवते. गाडी येते. मागच्या सीटवर बसून, अंधारातच, ती चाहत्यांना पाठवायच्या फोटोंवर सह्या करते. एवढा वेळ तिचा चेहरा आपल्याला दिसत नाही. हात दिसतात, पाठ दिसते, मान दिसते. स्टुडिओत रंगरंगोटी पुरी होते, मग ती वळते. तेव्हा आपल्याला जोन क्रॉफर्ड दिसते.

‘मॉमी डिअरेस्ट’ या १९८१ सालच्या चित्रपटाची ही सुरुवात मला फार महत्त्वाची वाटते. पुढे जे काही घडतं त्याचं मूळ इथेच दाखवून दिलेलं आहे. ही बाई झोपेतून उठली की आधी स्वतःला घडवते आणि मग जगाला तोंड दाखवते. आपल्याकडे पहाट मनाची मानली आहे. या बाईची पहाट त्वचेची आहे.

फ्रँक पेरी यांनी हा चित्रपट अगदी गंभीरपणे केला होता. जोनची दत्तक मुलगी ख्रिस्टीना हिने १९७८ साली याच नावाचं पुस्तक लिहिलं. आई वारल्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. जगाला ठाऊक असलेली तारका घरात मुलांशी कशी वागत होती, याची ती हकिकत होती. मारहाण, कडक शिस्त, रात्री-अपरात्री होणारी झडती, दारू. पुस्तक प्रचंड खपलं. त्यावर सिनेमा निघाला. जोनचं काम फे डनवेने केलं. ‘नेटवर्क’साठी ऑस्कर मिळवलेली, त्या काळातली पहिल्या रांगेतली अभिनेत्री. तिने या भूमिकेत जीव ओतला.

आणि लोक हसले.

थिएटरात बसलेली माणसं ऐन मारहाणीच्या प्रसंगाला हसू लागली. हळूहळू लोक ठरवून यायला लागले. सोबत तारेचे हँगर आणायचे, भांडी घासायच्या पावडरीचे डबे आणायचे, जोनच्या तोंडची वाक्यं तिच्या आधी ओरडायची. स्टुडिओनेही वारं पाहून जाहिरात बदलली आणि तो सिनेमा थट्टेच्या अंगाने विकायला सुरुवात केली. वर्षातल्या वाईट चित्रपटांना दिले जाणारे ‘रॅझी’ पुरस्कार तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. त्यात याला पाच मिळाले. पुढे त्या दशकातला सर्वांत वाईट चित्रपट म्हणूनही याचीच निवड झाली. ‘कॅम्प’ म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्यात याचं नाव आजही पहिल्या ओळीत घेतात. करणाऱ्याने मनापासून केलेलं असतं, पण ते इतकं भडक होतं की पाहणाऱ्याला हसू फुटतं. आणि त्या हसण्यात एक प्रकारचं प्रेमही मिसळलेलं असतं. अमेरिकेत काही ठिकाणी मातृदिनाच्या सुमारास याचे खास खेळ लावतात.

मी या हसणाऱ्यांना दोष देत नाही. माणूस कशाला हसतो हे त्याचं त्यालाही नीट कळत नसतं. ज्याच्या घरात असं काही घडलेलं नाही तो हसतो, कारण त्याला ते अशक्य वाटतं. ज्याच्या घरात घडलेलं आहे तोही हसत असेल. चारचौघांत, उजेड नसलेल्या जागी, पहिल्यांदाच त्या गोष्टीला हसता येणं हीसुद्धा एक सुटका असेल. हसणं एकच असतं. त्याच्यामागच्या वाटा निरनिराळ्या असतात.

पण मला त्या हँगरच्या प्रसंगाजवळ थोडं थांबायचं आहे.

रात्र आहे. मुलं झोपली आहेत. जोनच्या चेहऱ्यावर पांढऱ्या क्रीमचा जाड थर आहे, केस मागे घट्ट बांधले आहेत. त्या पांढऱ्या चेहऱ्यात दोन भुवया, दोन डोळे आणि लाल ओठ एवढंच काय ते उरलं आहे. ती ख्रिस्टीनाच्या खोलीतलं कपाट उघडते. आत ओळीने टांगलेले सुंदर फ्रॉक. त्यांवरून ती हात फिरवते. चेहऱ्यावर समाधान दिसतं. आणि मग एक फ्रॉक असा निघतो, जो तारेच्या साध्या हँगरवर अडकवलेला आहे. लाँड्रीवाल्याकडून कपडे येतात त्या हँगरवर. तिथून सगळं बिघडतं. ती ओरडते, फ्रॉक ओढून काढते, जमिनीवर फेकते, मुलीला गादीवरून उठवते आणि त्याच हँगरने मारते. तेवढ्यावर थांबत नाही. न्हाणीघरात जाते, स्वच्छ फरशीला अस्वच्छ म्हणते, घासायची पावडर सगळीकडे उधळते, डबा मुलीच्या अंगावर आपटते. शेवटी ती पोरीला सांगते, हे सगळं आवर. मुलगी विचारते, कसं? उत्तर येतं, ते तुझं तू बघ.

पाहणारे डनवेकडे पाहतात. साहजिक आहे. सगळा आवाज तिचा आहे, सगळी हालचाल तिची आहे. पण त्या चौकटीत एक लहान मुलगीही आहे. मारा होबेल तिचं नाव. ती भडक अभिनय करत नाही. ती गोंधळलेली आहे. आपलं काय चुकलं हे शोधते आहे, आणि ते तिला सापडत नाही. तिच्याकडे पाहिलं की हसू येत नाही. निदान मला येत नाही.

मग एक गोष्ट मनात येते. आपण मोठी माणसं या सिनेमाला अतिरेकी म्हणतो, कारण आपण जोनच्या उंचीवरून पाहतो. तिच्या वयाच्या माणसाच्या नजरेने पाहिलं तर एवढा मोठा राग, एवढे मोठे डोळे, एवढा मोठा आवाज खोटाच वाटणार. पण सहा-सात वर्षांच्या मुलाची नजर मोठ्यांच्या कमरेपाशी असते. तिथून वर पाहिलं तर रागावलेल्या आईचा चेहरा केवढा दिसत असेल? अर्ध्या रात्री, झोपेतून उठवल्यावर, पांढऱ्या क्रीमने माखलेला तो चेहरा त्या मुलीला जसा दिसला असेल, अगदी तसाच डनवेने तो उभा केला आहे. चरित्र म्हणून ते काम फसलं. आठवण म्हणून ते खरं आहे. लहानपणची भीती कधी बेताची नसते.

दिग्दर्शकाला हे अभिप्रेत होतं असं मी म्हणत नाही. बहुधा नव्हतंच. पण कधीकधी एखादी कलाकृती जे करायला निघते ते तिला जमत नाही आणि भलतंच काही जमून जातं.

याच सिनेमात पोहण्याचा एक प्रसंग आहे. घरच्या तलावात आई आणि मुलगी शर्यत लावतात. आई जिंकते. दर वेळी जिंकते. मुलगी रडवेली होते. आई तिला सांगते की मी मोठी आहे, मी वेगवान आहे, मी नेहमीच तुला हरवणार. आयुष्यात कुणी तुला मुद्दाम जिंकू देणार नाही, असा त्यातला धडा. हे पाहताना मराठी माणसाला दुसरं एक पोहणं आठवल्याशिवाय राहत नाही. ‘श्यामची आई’मधला श्याम पाण्याला भिऊन लपून बसतो, आणि त्याची आई त्याला शिंपटीने फोडून काढून विहिरीकडे पाठवते. तिथेही मार आहे. तिथेही धडा आहे. पण तिथे नंतर आई येते. वळांवर तेल लावते. तिचे डोळे भरून येतात. तुला कुणी भित्रा म्हटलेलं मला सहन झालं नसतं, असं ती त्याला समजावते.

मी या दोन आयांना तराजूत घालत नाही. काळ वेगळा, देश वेगळा, परिस्थिती वेगळी. मला जाणवतं ते एवढंच की मूल मार विसरत नाही, पण नंतर कोण आलं हेही विसरत नाही. आणि आणखी एक. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात आईच्या आठवणी लिहिल्या तेव्हा आई हयात नव्हती. ख्रिस्टीनाचं पुस्तक आलं तेव्हा जोनही हयात नव्हती. दोन्ही आया आपल्यापर्यंत पोचल्या त्या मुलांच्या तोंडून. स्वतःची बाजू मांडायला दोघीही नव्हत्या. एकीला त्याची गरज पडली नाही.

दुसरीची बाजू काय असती?

जोन क्रॉफर्डचं मूळ नाव लुसील फे लसूर. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओची. बाप तिला कळायच्या आधीच घर सोडून गेला. आईने दुसरं लग्न केलं, तेही टिकलं नाही. मग कॅन्सस सिटीत आई लाँड्रीत काम करू लागली आणि ही मुलगी त्या लाँड्रीच्याच मागच्या जागेत राहत होती. फी भरायची ऐपत नाही म्हणून निवासी शाळेत ती स्वयंपाक, धुणीभांडी, साफसफाई करून शिकली. तिथे तिला मारही खावा लागला, असं तिच्या चरित्रांत येतं.

लाँड्री. तारेचे हँगर.

सिनेमा हे सांगत नाही. दोन तासांहून थोड्या मोठ्या त्या चित्रपटात जोनचं बालपण जवळपास नाहीच. ती पडद्यावर येते ती मोठी होऊनच, पहाटे चार वाजता, चेहरा घासत. तिला तो हँगर पाहून नेमकं काय आठवत होतं, हे मी सांगू शकत नाही, आणि कुणी तसं ठामपणे सांगू नये. गरिबीतून वर आलेली सगळीच माणसं मुलांना मारत नाहीत. पण ज्या सिनेमाने हँगर एवढा गाजवला त्याने लाँड्रीचा उल्लेखही करू नये, याचं मला वाईट वाटतं. तो उल्लेख असता तर लोक कदाचित थोडं कमी हसले असते. मुलीवरचा अन्याय त्याने तसूभरही कमी झाला नसता.

पुढची कहाणी सिनेमाच्या इतिहासात नोंदलेली आहे. १९२५ साली एमजीएम स्टुडिओने एका मासिकातून स्पर्धा घेऊन तिला नवं नाव दिलं. नावसुद्धा वाचकांनी सुचवलेलं. मूकपटातून बोलपटात आली, मोठी झाली. १९३८ साली चित्रपटगृहांच्या मालकांनी ज्या नटनट्यांना गल्ल्याचं विष म्हणून जाहीर केलं त्यांत तिचं नाव होतं. त्यानंतर दोनेक वर्षांनी, १९४० साली, तिने ख्रिस्टीनाला घरी आणलं. १९४३ मध्ये एमजीएमने इतक्या वर्षांचा संबंध संपवला.

हा प्रसंग सिनेमात आहे आणि तो पाहण्यासारखा आहे. स्टुडिओने निरोप दिल्याच्या रात्री जोन झगझगीत पोशाखात बागेत उतरते आणि गुलाबाची झाडं कापत सुटते. आधी कात्रीने. मग मुलीला कुऱ्हाड आणायला लावते. मुलगी झोपेतून उठून, मुकाट्याने, तोडलेल्या फांद्या गोळा करू लागते. याही प्रसंगाला थिएटरात हशा पिकतो. पण नोकरी गेलेल्या माणसाच्या घरातली ती रात्र मला ओळखीची वाटते. बाहेर जे बोलता येत नाही ते घरात फुटतं. साहेबाला जे ऐकवायचं होतं ते मुलाला ऐकावं लागतं. यासाठी कुणी तारका असावं लागत नाही.

मग १९४५ साली ‘मिल्ड्रेड पीअर्स’ आला. त्यातली मिल्ड्रेड मुलीसाठी राबते, हॉटेल काढते, सगळं तिच्या पायाशी ओतते आणि मुलगी तिला तुच्छ लेखते. त्या भूमिकेसाठी जोनला ऑस्कर मिळालं. समारंभाला ती आजारी असल्याचं सांगून गेली नाही. पुतळा घरी आला, पलंगावर फोटो निघाले. म्हणजे जगाने तिला सर्वांत मोठा मान दिला तो आईच्या भूमिकेसाठी. त्याच घरात पलीकडच्या खोलीत मुलं झोपत होती. पडद्यावरचं आईपण तिला किती नेमकं कळलं होतं! ते खोटं होतं असं मला वाटत नाही. तिने ते मनापासूनच केलं असणार. प्रेम करता येणं आणि प्रेम दाखवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिला दुसरी फार चांगली येत होती.

उतरत्या काळातला एक प्रसंग तर कुणी रचून लिहिला तर खरा वाटणार नाही. १९६८ साली ख्रिस्टीना ‘द सीक्रेट स्टॉर्म’ या दूरचित्रवाणी मालिकेत काम करत होती. तिचं तातडीने ऑपरेशन करावं लागलं. तिच्या जागी काही भागांत तिची आई उभी राहिली. साठीच्या घरातली बाई विशी-पंचविशीतल्या मुलीची भूमिका करते आहे. आई म्हणत होती, मुलीची जागा दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून मी गेले. मुलीला दवाखान्यात पडल्या पडल्या वाटलं, माझी एवढीशी जागाही तिने घेतली. मी कितीदा तरी या प्रसंगाचा विचार केला आहे, आणि मला वाटतं, दोघींचंही खरं असू शकेल. आईला खरोखर मुलीची नोकरी वाचवायची असेल. आणि पुन्हा एकदा दिव्यांसमोर उभं राहायचंही असेल. एका कृतीत दोन हेतू असू नयेत असा काही नियम नाही. कुणालाही त्यांतला एकच दिसतो, एवढंच.

जोन १० मे १९७७ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारली. मृत्युपत्रात तिने ख्रिस्टीना आणि मुलगा ख्रिस्टोफर यांना काही ठेवलं नव्हतं. कारणं त्यांना माहीत आहेत, एवढंच तिने लिहून ठेवलं. सिनेमा इथे संपतो. पुढे ख्रिस्टीना काय करणार आहे, याची चाहूल देऊन.

जाता जाता डनवेबद्दल. जोनने १९७१ साली आपल्या एका पुस्तकात नव्या नट्यांपैकी हिचं नाव घेतलं होतं. खरी तारका व्हायला लागणारी प्रतिभा, रुबाब आणि धमक हिच्यातच आहे, अशा अर्थाचं ती लिहून गेली. दहा वर्षांनी तीच फे डनवे तिच्या रूपात पडद्यावर आली, आणि या सिनेमाने आपल्या कारकिर्दीचं नुकसान केलं असं पुढे तिने लिहिलं. त्याविषयी बोलायचंही ती बरीच वर्षं टाळत राहिली. एका बाईचं दुःख दाखवायला गेलेली दुसरी बाई त्यात अडकली. तिच्या वाट्याला हसू आलं, जोनच्या वाट्याला हँगर आला. जोनने पन्नासएक वर्षांत केलेलं काम आज फारसं कुणी पाहत नाही. हँगर मात्र सगळ्यांना माहीत आहे.

आता उरते ती एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यांत जास्त विचारात पाडते. जोनने आणखी दोन मुली दत्तक घेतल्या होत्या. कॅथी आणि सिंथिया, १९४७ साली जन्मलेल्या. मृत्युपत्रात त्यांना वाटा होता. ख्रिस्टीनाच्या पुस्तकात आहे तशी आई आम्ही कधी पाहिली नाही, असं त्यांनी सांगितलं. आमची आई प्रेमळ होती, शिस्तीची होती, पण तशी नव्हती.

लोकांनी लगेच बाजू घेतल्या. एक खरी तर दुसरी खोटी. पण ख्रिस्टीना आणि या दोघींमध्ये आठ वर्षांचं अंतर आहे. ख्रिस्टीना लहान होती तेव्हा आईचं काम सुटत चाललं होतं, लग्नं मोडत होती, फोन वाजायचे बंद होत होते. या दोघी आल्या तेव्हा ऑस्कर घरात आलेलं होतं आणि पुन्हा मागणी होती. घर तेच, बाई तीच. पण थोरल्या मुलांना आई मिळते ती शिकत असलेली, घाबरलेली, चुकणारी. धाकट्यांच्या वेळेपर्यंत तीच बाई कितीतरी निवळलेली असते. काही वेळा उलटंही होतं. कुठल्याही घरात भावंडं एकत्र बसून आईविषयी बोलू लागली की थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच, तू कुणाबद्दल बोलतोयस? आपली आई अशी नव्हती. आणि बोलणाऱ्याला ते ऐकून राग येतो, कारण त्याच्या अंगावर जे उमटलेलं आहे ते दुसऱ्याला पुसल्यासारखं वाटतं.

सिनेमात कॅथी आणि सिंथिया नाहीत. त्यांना पूर्णपणे गाळलेलं आहे. घरात दोनच मुलं दाखवली आहेत, दोघंही आईच्या धाकाखाली. त्या दोघी असत्या तर काय झालं असतं याचा मी विचार करत राहते. पावडर उधळलेल्या न्हाणीघराच्या प्रसंगानंतर, काही वर्षांनी, त्याच घरात दोन लहान मुलींचे केस विंचरणारी तीच बाई दाखवावी लागली असती. डनवेला तोच चेहरा घेऊन ते करावं लागलं असतं. ते करायला फार कठीण गेलं असतं, आणि पाहायलाही.